डेडमची गावकी आणि फेअरबँक्सांचं घर

शुक्रवार

बॉस्टनला येणारे आपले पाहुणे हार्वर्ड, एमआयटी, फार तर केप कॉड एवढं बघून परततात. मला डेडम बघायचं होतं. बॉस्टनच्या नैर्ऋत्येला, गाडीने साधारण अर्ध्या तासावर. भाची शेजारच्याच गावात राहते, तेव्हा मुक्कामाची सोय होती. डेडममध्ये जोनाथन फेअरबँक्स नावाच्या माणसाने बांधलेलं घर अजून उभं आहे. उत्तर अमेरिकेत टिकून राहिलेलं सर्वांत जुनं लाकडी सांगाड्याचं घर म्हणून ते ओळखलं जातं. तुळयांच्या लाकडातली वर्तुळं मोजून त्याचा काळ १६३७ ते १६४१ असा ठरवलेला आहे.

घराइतकीच मला ओढ होती गावच्या दप्तराची. आमच्या वाईच्या घरी वतनाचे मोडी कागद रुमालात बांधून माळ्यावर ठेवलेले असायचे, तेव्हापासून गावकीच्या कागदांचं मला वेड आहे. डेडमच्या सुरुवातीच्या नोंदी एकोणिसाव्या शतकात छापून निघाल्या. कुणाला किती जमीन मिळाली, कुणाचं लग्न कधी झालं, कुंपण कुणी तपासायचं, सगळं त्यात आहे. जोनाथन काही मोठा माणूस नव्हता. ना गव्हर्नर, ना धर्मोपदेशक. साधा कुणबीवजा माणूस, जोडीला सुताराचं काम करून सूतकताईचे चरखे बनवणारा. अशा माणसाचं आयुष्य घर आणि दप्तर दोन्हींतून बघायला मिळणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

आज गावातल्या संग्रहालयात गेलो. डेडमच्या इतिहास मंडळाची स्थापना १८५९ ची. तिथे एक खुर्ची आहे. ओकची, जड, सरळ पाठीची. पाठीवर कोरीवकाम, त्यात ‘एम’ अक्षर आणि १६५२ हे साल. अमेरिकेत बनलेल्या आणि साल कोरलेल्या खुर्च्यांमध्ये ही सर्वांत जुनी समजली जाते. खुर्ची मायकेल मेटकाफ याची. हा नॉरविचचा विणकर, तिथल्या बिशपच्या जाचाला कंटाळून इकडे आलेला, पुढे डेडमच्या शाळेत शिकवलेला. आणि आपल्या जोनाथनचा व्याही! जोनाथनची मुलगी मेरी हिचं लग्न १६४४ मध्ये मेटकाफच्या मुलाशी झालं. म्हणजे या खुर्चीत बसून व्याह्यांनी नातवंडांना खेळवलं असणार. मी काचेजवळ वाकून ते कोरलेले आकडे बराच वेळ बघत होते. छिन्नी कुठे खोल गेली आहे, कुठे उथळ, ते स्पष्ट दिसतं.

संध्याकाळी भाचीला गावाच्या करारनाम्याबद्दल सांगत बसले. १६३६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या जनरल कोर्टाने, म्हणजे वसाहतीच्या कायदेमंडळाने, इंग्लंडहून आलेल्या या लोकांना साधारण दोनशे चौरस मैलांचा मुलूख दिला. लोकांनी गावाला ‘कंटेंटमेंट’ असं नाव मागितलं होतं, कोर्टाने डेडम दिलं; मागितलेलं नाव गावाच्या शिक्क्यावर मात्र आजही आहे. गावात राहायचं तर करारावर सही करायची. करारातली कलमं मोजकी. एकमेकांशी प्रेमाने वागू. जे आमच्या मताचे नाहीत त्यांना दूर ठेवू. आपसात भांडण झालं तर ते गावातल्याच एक, दोन किंवा तिघांपुढे ठेवून मिटवू. ज्याला जमीन मिळेल त्याने गावखर्चाचा आपला वाटा भरायचा. आणि हे सगळं पुढच्या वारसांवरही बंधनकारक. जोनाथनला गावात घेतलं मार्च १६३७ मध्ये.

भाची म्हणाली, “मावशी, हे तर हाउसिंग सोसायटीचे नियम झाले.” तसं नाही. सोसायटीत पैसे भरले की घर मिळतं. इथे आधी माणूस पारखायचे, मग जमीन द्यायचे. लग्न झालेल्याला घरजागा १२ एकर, एकट्याला ८ एकर, त्यातली थोडी दलदलीची. पुढच्या वाटण्या घरातली माणसं, मालमत्ता, पत आणि गावासाठी केलेलं काम बघून व्हायच्या. आपल्याकडे त्याच काळात तंटे मिटवायला गोतसभा बसत होत्या, जमिनीचे पिढीजात हक्कदार ते मिरासदार आणि बाहेरून आलेले ते उपरी असा भेद होता, गायरान सगळ्यांचं होतं. जोनाथन घर बांधत होता तेव्हा शिवाजीराजे सात ते अकरा वर्षांचे होते. दोन्हीकडची गावं एकमेकांपासून हजारो मैल दूर, पण गावाने आपसात कसं राहायचं, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच होता. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की आपली गावं पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत होती. डेडम दुसऱ्यांच्या भूमीवर वसलं. त्याबद्दल सोमवारी.

शनिवार

सकाळीच ईस्ट स्ट्रीटवरच्या घरी. आत गाइडशिवाय सोडत नाहीत आणि ते योग्यच आहे. बाहेरून पाहिलं की आधी छप्पर नजरेत भरतं. ते मधोमध खचलेलं आहे, भिंतीही कललेल्या. मूळ घर मधलं. दोन्ही बाजूंच्या खोल्या अठराव्या शतकाच्या अखेरीला आणि त्यानंतर जोडलेल्या. मागे उतरतं छप्पर घेऊन काढलेली पडवी आहे, ती धरून हे घर किती वेळा वाढलं ते छपरांच्या रेषा मोजून सांगता येतं.

दारातून आत शिरताना भाची मागून ओरडली, “मावशी, डोकं सांभाळ!” चौकट खरोखरच बुटकी आहे. आत आलं की समोर विटांची प्रचंड चिमणी. घराचा मध्य म्हणजे ही चिमणी, तिच्या एका अंगाला हॉल आणि दुसऱ्या अंगाला पार्लर. हॉल म्हणजे स्वयंपाक, जेवण, कामधाम सगळं जिथे चालायचं ती खोली. चूल एवढी मोठी की तिच्यात माणूस उभा राहील. पार्लर म्हणजे बरी खोली. घरातला चांगला पलंग तिथे असायचा आणि त्यावर नवरा-बायको झोपायची. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, तिथे धान्य, लोकर, अवजारं आणि मुलांचं अंथरूण. जोनाथन आणि ग्रेस यांची सहा मुलं: जॉन, जॉर्ज, मेरी, सुसान, जोनस आणि धाकटा जोनाथन. लग्न यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सला १६१७ मध्ये झालेलं आणि १६३३ मध्ये सगळं बिऱ्हाड समुद्र ओलांडून आलेलं. ग्रेसबद्दल दप्तरात जवळपास काही नाही. पण आठ माणसांचं रांधणं, थंडीचे दिवस आणि ही एकच मोठी चूल बघितली की दप्तराची वाट बघावी लागत नाही.

माजघरातली मोठी तुळई मी हाताने चाचपली. (गाइडबाईंनी परवानगी दिली म्हणून.) ओकचं लाकूड, काळं पडलेलं, दगडासारखं कडक. तुळईच्या खालच्या दोन्ही कडा तासून तिरप्या केल्या आहेत आणि टोकाला ती तासणी एका लहानशा वळणाने थांबवली आहे. हे वळण घराच्या मजबुतीला काही कामाचं नाही. दलदल उपसायची, लांडगे मारायचे, पहिल्या हिवाळ्यात जिवंत राहायचं असे दिवस, आणि सुताराने तरीही तुळईचं टोक देखणं करायला वेळ काढला. मला या घरातलं सगळ्यात जास्त तेच आवडलं.

लाकडावर काही ठिकाणी कंपासने काढलेली सहा पाकळ्यांची फुलं आहेत. वाईट शक्ती घरात येऊ नये म्हणून काढलेली. चिमणीच्या आसपास जुने जोडेही लपवलेले सापडले, तेही त्याचसाठी. आपल्याकडे दाराला बिब्बा बांधतात, त्याच जातीची ही गोष्ट. रविवारी दिवसभर चर्चमध्ये बसणाऱ्या कडव्या प्युरिटन गावात हे चालायचं याचं पुस्तकी इतिहासाला आश्चर्य वाटतं. मला वाटलं नाही. चिमणी वरून उघडी असते, आणि घरात लहान मुलं झोपलेली असतात.

त्याच चिमणीचा एक गावकीचा भागही आहे. चिमणीतून ठिणगी उडाली की गाव पेटायचं, म्हणून प्रत्येक घराने छपरापर्यंत पोचणारी शिडी ठेवलीच पाहिजे असा डेडमचा नियम होता. माझ्या घरातली शिडी हा गावाचा विषय! आज आपल्याला हे जाचक वाटेल. पण कुंपण, डुकरं, शिडी, रस्ता या चार गोष्टींतूनच इथली नागरिकता घडली, मोठ्या घोषणांतून नव्हे. कुंपण तपासणारे, रस्ते आखणारे, डुकरांवर लक्ष ठेवणारे असे लोक दर वर्षी गावसभा नेमायची. सगळ्यांनी सगळं ठरवायचं म्हटल्यावर कामं खोळंबायला लागली, तेव्हा १६३९ पासून सात जण निवडून त्यांच्याकडे रोजचा कारभार दिला.

या घरात एकाच कुटुंबाच्या आठ पिढ्या राहिल्या. शेवटची रिबेका फेअरबँक्स, ती १९०४ मध्ये बाहेर पडली. तोवर घरात वीज नाही, नळ नाही. १८९२ मध्ये घरावर वीज कोसळली आणि तिचा कुत्रा मेला, तरीही तिने घर सोडलं नव्हतं. पुढे फेअरबँक्स वंशजांनी संस्था काढून घर विकत घेतलं आणि आजही तीच संस्था ते सांभाळते. मूळपुरुषाचं घर वंशजांनी वर्गणीवर जपायचं, याचं मला खरंच कौतुक वाटलं. आपल्याकडे भाऊबंदकीत किती वाडे पडले ते आठवून जीव हळहळला.

घराण्यात एक काळं पानही आहे. १८०१ मध्ये याच घराण्यातल्या जेसन फेअरबँक्सवर एलिझाबेथ फेल्स या अठरा वर्षांच्या मुलीच्या खुनाचा आरोप आला. तुरुंगातून पळाला, पकडला गेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात फाशी गेला. गाइडबाईंनी हे न लपवता सांगितलं, ते बरं वाटलं.

रविवार

सकाळी चर्च. आत्ताची इमारत १७६० च्या दशकातली, पण मंडळी १६३८ ची. गाव वसल्यावर दोन वर्षं त्यांनी चर्चच स्थापलं नव्हतं. आधी घरोघरी जमून बोलत राहिले, एकमेकांना ओळखून घेतलं, मग चर्च. सभासद व्हायचं तर सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या श्रद्धेचा अनुभव सांगायचा आणि मंडळींनी तो मान्य करायचा. वसाहतीच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्कही १६३१ पासून चर्चच्या सभासदांनाच होता.

आणि इथे जोनाथन अडून बसला. १६३८ ते १६४६, आठ वर्षं. नोंदीत लिहिलं आहे की जाहीरपणे श्रद्धा सांगण्याबद्दल आणि चर्चच्या कराराबद्दल त्याच्या मनात काही शंका होत्या, म्हणून तो बराच काळ दूर राहिला. नंतर त्याच्याशी प्रेमाने अनेकदा बोलणी झाली आणि शेवटी मंडळींनी त्याला आनंदाने घेतलं. पूर्ण दप्तरात मला सगळ्यात जिवंत वाटलेली नोंद ही. एक चरखे बनवणारा माणूस, ज्याच्या गावाचं दुसरं कलमच मुळी ‘भिन्न मताच्यांना दूर ठेवू’ असं आहे, तो सगळ्यांसमोर मन उघडं करायला आठ वर्षं नकार देतो. आणि गाव त्याला हाकलत नाही. जमीन काढून घेत नाही, त्याची मुलं गावातच लग्नं करतात. एवढा धीर दोन्ही बाजूंनी धरला गेला. त्याच मॅसॅच्युसेट्सने वेगळी धर्ममतं मांडणाऱ्या रॉजर विल्यम्सला आणि ॲन हचिन्सनला हद्दपार केलं होतं, ते लक्षात घेतलं की डेडमकरांचा हा धीर जास्तच ठळक दिसतो. मला वाटतं त्यात तिसऱ्या कलमाचा, म्हणजे बसून बोलून मिटवण्याच्या सवयीचा, मोठा वाटा आहे.

गावाने शाळाही काढली. १६४४ च्या पहिल्या दिवशी गावसभेने दरसाल २० पौंड करातून द्यायचं एकमताने ठरवलं. करावर चालणारी अमेरिकेतली पहिली सार्वजनिक शाळा ती हीच, असं डेडम अभिमानाने सांगतं. पहिले शिक्षक राल्फ व्हीलॉक. काही वर्षांनी शाळेला इमारत झाली तेव्हा तिला लागूनच पहाऱ्याची खोली काढली. मुलींना तिथे जागा नव्हती, म्हणजे मेरी आणि सुसान जे काही शिकल्या असतील ते चुलीपाशीच.

सुसानचा नवरा राल्फ डे गावचा ढोल वाजवायचा. सभेला, प्रार्थनेला, धोक्याच्या वेळी लोकांना बोलवायला ढोल. एक जावई विणकराच्या घरचा, दुसरा दवंडीवाला. जॉनची बायको सेरा फिस्क, जॉर्जची मेरी ॲडम्स, सगळी घरं आसपासची. दहा-बारा वर्षांत गाव कराराने कमी आणि सोयरिकीने जास्त बांधलं गेलं.

दुपारी मदर ब्रूक. हा खरा ओढा नाही, पाट आहे. चार्ल्स नदी इथे संथ, तिच्यावर गिरणी चालेना, म्हणून गावाने १६३९ मध्ये चार्ल्सपासून नेपॉन्सेट नदीकडे उतरणाऱ्या एका ओढ्यापर्यंत पाट खणायला घेतला. खर्च गावावर वाटून. पाणी उतारावरून पळायला लागलं आणि दळणाची पाणचक्की सुरू झाली. अमेरिकेतला माणसाने खणलेला हा पहिला कालवा मानतात. पुढे एकोणिसाव्या शतकात याच पाण्यावर कापड गिरण्या चालल्या. आज काठाला झाडी आणि फ्लॅट झालेल्या जुन्या गिरण्या. आम्ही डबा सोडून बांधावर बसलो, भाचीने थालीपीठ आणलं होतं.

जुन्या कब्रस्तानातही जाऊन आलो. वाचता येणारे सर्वांत जुने दगड १६७० च्या दशकातले. जोनाथन गेला डिसेंबर १६६८ मध्ये, ग्रेस १६७३ मध्ये. घर थोरल्या जॉनकडे गेलं.

सोमवार

जोनाथनची लेकरं कुठे गेली ते बघायला आज गाडी घेऊन लांब निघालो. १६५६ च्या सुमारास डेडमकरांनी ठरवलं की यापुढे मोकळ्या जमिनीच्या वाटण्या फक्त आत्ताच्या हक्कदारांत आणि त्यांच्या वारसांत होतील. गावाचं दार तिथे जवळजवळ बंद झालं. आत असलेल्यांनाही घर एकच, म्हणून धाकट्यांनी नवी गावं धरली. जॉर्ज मेडफील्डच्या पलीकडे बोगॅस्टो तळ्यापाशी गेला, जोनस थेट पश्चिमेला लँकेस्टरला. जोनस तरुणपणी मिजासखोर असावा. १६५१ चा कायदा होता की २०० पौंडांची मालमत्ता नसलेल्याने उंच बूट, सोन्याचांदीची किनार वगैरे वापरू नये. पुढच्याच वर्षी बुटांपायी जोनसला कोर्टात उभं राहावं लागलं!

वाटेत नेटिकला थांबलो. इथे जॉन एलियट या धर्मोपदेशकाने १६५१ मध्ये ख्रिस्ती झालेल्या मूळ रहिवाशांचं गाव वसवलं. ती जमीन डेडमच्या हद्दीत धरली होती, म्हणून डेडमने वर्षानुवर्षं कज्जा चालवला. शेवटी कोर्टाने नेटिकची जमीन नेटिककडे ठेवली आणि भरपाई म्हणून डेडमला पश्चिमेला ८,००० एकर दिले. ते ८,००० एकरही दुसऱ्याच लोकांचे, पोकमटक जमातीचे. तिथे पुढे डीअरफील्ड उभं राहिलं. आपसातलं प्रत्येक भांडण प्रेमाने मिटवू म्हणणाऱ्या गावाने शेजाऱ्यांशी मात्र शेवटपर्यंत कोर्टबाजी केली. करारातलं प्रेम कुंपणापाशी संपत होतं, हे स्पष्ट लिहायला हवं. १६७५ मध्ये मूळ रहिवासी आणि इंग्रज वसाहतकार यांच्यात युद्ध पेटलं तेव्हा नेटिकच्या या निरपराध ख्रिस्ती माणसांना उचलून ऐन थंडीच्या तोंडावर बॉस्टन बंदरातल्या डीअर बेटावर नेऊन टाकलं. शेकडो माणसं उपासमारीने आणि गारठ्याने मेली.

लँकेस्टरला पोचेपर्यंत दुपार. जोनसने इथे १६५८ मध्ये लिडिया प्रेस्कॉटशी लग्न केलं. तिचा बाप जॉन प्रेस्कॉट या गावाचा संस्थापकच. १० फेब्रुवारी १६७६ रोजी, त्याच युद्धात, मूळ रहिवाशांचा पुढारी मेटाकॉम याच्या बाजूने लढणाऱ्या योद्ध्यांनी लँकेस्टरवर हल्ला केला. जोनस आणि त्याचा मुलगा जोशुआ दोघेही त्यात मारले गेले. अकरा दिवसांनी मेडफील्ड जळालं. जॉर्जचं कुटुंब तळ्याकाठच्या दगडी गढीमुळे वाचलं. लँकेस्टर ओस पडलं, पुन्हा वसलं. जोनसचा दुसरा मुलगा, त्याचंही नाव जोनाथन, परत तिथेच राहायला गेला. १६९७ च्या सप्टेंबरात पुन्हा हल्ला झाला आणि तो मारला गेला. सोबत त्याची दोन लेकरं, नावं ग्रेस आणि जोनस. आजोबांचं आणि पणजीचं नाव नातवंडांना ठेवायची रीत तिकडेही होती.

परतताना भाची म्हणाली, “त्यांनी यायलाच नको होतं का मग?” मी काही एका वाक्यात उत्तर देऊ शकले नाही. हॅलिफॅक्सहून निघालेल्या ग्रेसला हे माहीत नव्हतं, नेटिकच्या मुलांना तर कुणी विचारलंच नव्हतं. फेअरबँक्सचं घर बघताना तुळईवरची ती तासणी बघावी आणि डीअर बेटही लक्षात ठेवावं, एकाने दुसरं पुसलं जात नाही.

कुणाला जायचं असेल तर: घर हिवाळ्यात बंद असतं, साधारण मे ते ऑक्टोबर या काळात बघता येतं, वेळ आधी विचारून घ्यावी. संग्रहालय घराच्या आधी करावं, म्हणजे माणसं ओळखीची होतात. आतल्या जमिनी उंचसखल आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी जपून. आणि लँकेस्टरला स्वतंत्र दिवस ठेवा. आम्हाला तिथे वेळ कमी पडला.